आमची व्हॅन किती देते?

माणूस पंखा घेतो, कपाट घेतो, तेव्हा फार तर शेजारी येऊन हात लावून बघतात आणि जातात. गाडी घ्यायला निघालं की मात्र गाडीच्या आधी किस्से घरी येतात. आमच्याकडे तर एवढे जमलेत की पाहुणे आले, की चहाचं आधण ठेवायच्या आत कोणीतरी म्हणतं, वहिनी, तो फ्रिजवाला सांगा. फ्रिजवाला सांगितला की बाळाचा निघतो, आणि बाळाचा निघाला की पुढचे सांगितल्याशिवाय कोणी उठत नाही. चहा दोनदा होतो. म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे ओळीने सांगून टाकावेत.

आधी माणसं सांगते. भिलाईच्या स्मृति नगरात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत 'गारवा सर्व्हिस' आहे. कूलर, फ्रिज, एसीची दुरुस्ती. माझा नवरा प्रकाश आणि त्याचा आयटीआयपासूनचा मित्र टिकेश्वर साहू, हे दोघं कारागीर. फोन माझ्याकडे. कोणाचा कूलर कुठल्या गल्लीत खडखडतोय आणि कोणाची बायको फोनवर किती तापली आहे, ते मला तोंडपाठ असतं. चौथे माझे सासरे, आमचे बाबा. भंडाऱ्याकडून तरुणपणी इकडे आले आणि प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे जिथे मोठ्या भट्ट्यांमध्ये कोळसा भाजून त्याचा कोक करतात तिथे, निवृत्त होईपर्यंत राहिले. गारवा सर्व्हिसमध्ये त्यांचं पद काय हे कधी ठरलं नाही. ते स्वतःला इनचार्ज समजतात आणि आम्हीही तसं समजू देतो.

*

व्हॅनची गोष्ट खरं म्हणजे पुण्यापासून सुरू होते. प्रकाशचा एक वर्गमित्र तिथे मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात आहे. त्याने फोन करून सांगितलं, जागा रिकामी आहे, पगार बांधलेला आहे, उन्हातान्हात फिरणं नाही. कूलरचा सीझन संपेपर्यंत तो ती जागा धरून ठेवणार होता.

प्रकाशला जायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पण मोटरसायकलवर शिडी आडवी धरून माणूस किती दिवस फिरणार? दुर्गचे आणि कुम्हारीचे फोन मला रोज नाकारावे लागायचे, कारण तिथवर सामान न्यायचं कसं? भाड्याचा लोडर केला तर दिवसाची कमाई लोडरवालाच घेऊन जायचा. शेवटी एकदा जेवताना प्रकाशने सांगून टाकलं. या सीझनला स्वतःची व्हॅन घ्यायची. गॅस-पेट्रोल जाऊन हाती काही उरलं तर भिलाईतच राहायचं. नाही उरलं तर व्हॅन विकायची आणि बाबांना घेऊन पुण्याला जायचं.

बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

"मले पुण्याची हवा मानवत नाही," एवढंच म्हणाले.

बाबा आजवर एकदाही पुण्याला गेलेले नाहीत.

*

आमच्याकडे गाडीचा रंग सगळ्यात शेवटी विचारतात. आधी विचारतात, किती देते? म्हणजे एका लिटरला किंवा एक किलो गॅसला किती किलोमीटर जाते. त्यालाच सगळे ॲव्हरेज म्हणतात. आमची तर पुढची सगळी भिस्तच त्या ॲव्हरेजवर होती, त्यामुळे बाबांनी हे काम आमच्यावर सोडलं नाही. प्लांटमध्ये साधा व्हॉल्व्ह घ्यायचा तरी कमिटी बसते. बाबांनी आमच्या व्हरांड्यात कमिटी बसवली. त्यात ते स्वतः आणि त्यांचे दोन निवृत्त मित्र, एक स्टोअर्समधले, एक प्लांटच्या रेल्वेतले. चहा माझ्याकडे.

कमिटी रोज संध्याकाळी बसायची. टायर, बॉडी, गंज, सगळ्यावर चर्चा झाली. मग एके दिवशी आम्हा तिघांना बोलावून निर्णय ऐकवण्यात आला. प्लांटमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या मशीनला एक जोडीदार मशीन तयार ठेवतात, एक बिघडलं की दुसरं चालू. तेव्हा गारवा सर्व्हिसने दोन व्हॅन घ्याव्यात.

प्रकाशने डोक्याला हात लावला. साहूने मात्र अगदी अदबीने विचारलं, "काका, मतलब एक चलेगी और एक खड़ी रहेगी?"

"बरोबर."

"तो जो खड़ी रहेगी, उसका ॲव्हरेज बढ़िया आएगा."

त्या संध्याकाळपासून साहूला कमिटीच्या चहातून वगळण्यात आलं.

*

आता फ्रिजवाला.

प्रकाशचा एक हट्ट आहे. फ्रिज आडवा न्यायचा नाही. आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये शिरतं आणि मग दुरुस्त केलेला फ्रिज पुन्हा दुरुस्तीला येतो. म्हणून व्हॅन अशी हवी, की फ्रिज तिच्यात उभा मावला पाहिजे. मी म्हटलं, माप घेऊन जा. तर म्हणाला, मापावर शोरूमवाले गोड बोलून फसवतात, फ्रिजच नेतो. मग एक मेलेला डबल डोअर फ्रिज भाड्याच्या लोडरवर उभा बांधून आम्ही सगळे दुर्ग-भिलाईचे शोरूम फिरलो. लोडरचं भाडं वाचावं म्हणून व्हॅन घ्यायची होती, आणि ती बघायला लोडर केला होता.

पहिल्या शोरूमच्या गार्डने गेटवरच सांगितलं की इथे जुना फ्रिज देऊन गाडी मिळत नाही. दुसऱ्या शोरूममध्ये एक उंच टपाची व्हॅन होती. प्रकाश आणि साहूने फ्रिज उचलून आत ठेवला. उभा मावला! दार लावलं, तेही लागलं. बाबांनी सेल्समनशी हात मिळवला.

तेवढ्यात तीच व्हॅन बघायला एक मिठाईवाले शेठ आले. गाडीभोवती फिरले, दार उघडलं, आत पाहिलं, आणि सेल्समनला विचारलं की हा फ्रिज प्रत्येक गाडीबरोबर आहे का. सेल्समनचं तोंड उघडायच्या आत साहू बोलून गेला, "बस आज तक ही था, भैया. आखिरी वाला हमको मिल गया."

शेठ तसेच तरातरा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. आतून आवाज चढायला लागले तसा आम्ही फ्रिज लोडरवर चढवला आणि निघालो. त्या शोरूमकडे नंतर कोणी फिरकलं नाही.

पण खरी अडचण तिथेच होती. उंच व्हॅनमध्ये फ्रिज मावायचा, पण तिला प्यायलाही तसंच लागायचं. बुटकी व्हॅन कमी प्यायची, पण तिच्यात फ्रिज उभा राहत नव्हता. प्रकाश आणि साहू पुन्हा हिशोब करायला बसले. मला राहवलं नाही. मी विचारलं, फ्रिज आपण दुकानात आणतो तरी कधी? गॅस भरणं असो की थर्मोस्टॅट बदलणं असो, सगळं लोकांच्या स्वयंपाकघरातच होतं. फिरतात ते कूलरचे पंप, जाळ्या, शिड्या आणि एसीचे बाहेरचे डबे. फोन माझ्याकडे असतात, मला माहीत होतं. वर्षातून कधीतरी फ्रिज आणावा लागला तर त्या दिवशी लोडर करू.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"हे आधी कावून नाही सांगतलं?" प्रकाश म्हणाला.

"तुमी फ्रिज घेऊन फिरून राहिले होते. मले कोणी विचारलं?"

बुटकी व्हॅन ठरली. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. गॅसबद्दल बाबांची तक्रार नव्हती. आयुष्यभर कोक ओव्हनच्या गॅसशेजारी काढल्यामुळे गॅस हा त्यांना नात्यातला वाटतो.

*

व्हॅन घरी आली त्या दिवशी नारळ फुटला, लिंबं चाकाखाली गेली, आणि बाबांनी सगळ्यांना थांबवून चावी माझ्या हातात दिली. नवी भट्टी पेटवायची असली की तो मान कोणाला द्यायचा, हे प्लांटमध्ये आधी ठरवतात म्हणे. घरात तो मान त्यांनी मला दिला. मला फार बरं वाटलं. मी चावी फिरवली, व्हॅन चालू झाली, स्टोअर्सवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला आरतीचं ताट घ्यायचं होतं म्हणून मी चावी उलटी फिरवली.

बाबांचा चेहरा पडला. "इतक्यात बंद कावून केली?"

मी म्हटलं, आरती करायची आहे.  मला वाटलं, मुहूर्ताचं काहीतरी असेल.

*

व्हॅन चालवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. गाडी त्यांना आधीपासून येत होती. प्रकाश आणि साहू घराघरांत जाऊन काम करायचे, बाबा खाली व्हॅनमध्ये सामान राखत बसायचे. मी आता दुर्गच्या फोनला नाही म्हणत नव्हते. कुम्हारीला हो म्हणताना तर माझा आवाजच मोठा व्हायचा. काम भरपूर आलं. आणि महिनाअखेर हाती काय उरलं म्हणाल, तर फारसं नाही. बुटकी म्हणून घेतलेली व्हॅन उंच व्हॅनपेक्षा जास्त प्यायला लागली होती.

मग ज्याला जे सुचलं तो ते सांगायला लागला. साहूने टायरची हवा रोज तपासायला सुरुवात केली. प्रकाशने दुसऱ्या पंपावर गॅस भरायला सुरुवात केली. मी एकदा व्हॅन गल्लीच्या तोंडापर्यंत नेली होती, तर कमिटीने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर त्यांनी दिवसभर ठेवून घेतली आणि सांगितलं की गाडीत काही दोष नाही, चालवणाऱ्याला बघा. पण बाबांसारखं चालवणारं तर शोधून सापडायचं नाही. रिकाम्या रस्त्यावरही ते व्हॅन वरातीसारखी नेतात.

साहूला तर बाबांचं फार कौतुक. आम्ही काम संपवून जिना उतरतो न उतरतो तोच काकांनी गाडी चालू करून ठेवलेली असते, असं तो सगळ्यांना सांगायचा. एकदाही चुकले नाहीत.

प्रकाश मात्र रोज रात्री पंपाच्या पावत्या मोजायला लागला. एका संध्याकाळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, पुण्यात बाबांना करमेल का? मी म्हटलं, बाबांना विचार. त्याने विचारलं नाही. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. ही भिंत, हा फोन, ही गल्ली, सगळं एका व्हॅनच्या पोटात जातंय असं वाटायला लागलं.

*

मग मोहन नगरमधून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वरच्या मजल्यावर एसीचं काम चालू होतं. मला वाटलं, तक्रार असणार. पण त्या फार गोड बोलत होत्या. म्हणाल्या, एक विनंती होती. त्यांच्या मुलीचं तान्हं बाळ दुपारचं अजिबात झोपत नाही. पण आज तुमची व्हॅन खिडकीखाली उभी राहिली आणि तिच्या घुरघुरीने बाळ असं झोपलंय की विचारू नका. कालही तसंच झालं. तर तुमच्या माणसांचं काम संपलं तरी व्हॅन अजून थोडा वेळ तशीच राहू द्याल का?

मी विचारलं, तशीच म्हणजे?

"तशीच. चालू."

मी खुर्चीवरून उठलेच. त्यांना विचारलं, व्हॅन केव्हापासून चालू आहे? त्या म्हणाल्या, आली तेव्हापासून. बंद कुठे झाली? आत एक आजोबा आहेत, तोंडावर पेपर घेऊन तेही छान झोपलेत.

*

संध्याकाळी प्रकाश यायच्या आधी मी बाबांसमोर बसले. हे मलाच सांगावं लागणार होतं. मी विचारलं, बाबा, गाडी उभी असली की तुम्ही इंजिन बंद करत नाही का?

ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी विचारलं की तुम्ही झोपताना श्वास बंद करत नाही का.

मग त्यांनी मला समजावलं. कोक ओव्हनची भट्टी एकदा पेटली की पेटली. दिवाळी असो, संप असो, कोणी मरो, तिला थंड होऊ द्यायचं नसतं. थंड झाली की आतली वीट तडकते आणि बांधलेलं सगळं वाया जातं. "गरम भट्टी गरम ठेवाले कमी लागते, बाई. थंडी भट्टी पेटवाले लई लागते. तुमचं इंजिनबी तं तसंच असन."

मी हळूच सांगितलं की इंजिनाचं तसं नसतं. उभं इंजिन नुसतं जळतं, पुढे काहीच जात नाही. हाती उरत नाही ते त्यामुळेच, टायरमुळे नाही आणि पंपामुळेही नाही.

बाबांनी खिशातून व्हॅनची चावी काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तुमाले इथं ठेवाचं म्हणून मी गाडीवर बसलो, आन मीच जाळून राहिलो होतो?"

माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही दिसू नये म्हणून मी चहा ठेवायला उठले. प्रकाशला रात्री सांगितलं. तो आधी खो खो हसला, मग बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

*

माणूस भट्टीवर एवढी वर्षं राहिला असला की अर्धवट काही करत नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबा उलटे झाले. सिग्नलला बंद. गाय आडवी आली, बंद. समोरच्या मोटरसायकलवाल्याने पत्ता विचारायला थांबवलं, बंद. पुलाच्या उतारावर तर साहूने त्यांच्या हाताला धरून विनवलं, काका, इथे नको, बंद गाडीला ब्रेक नीट लागत नाही.

त्यांनी दुसऱ्यांच्याही गाड्या बंद करायला घेतल्या. आमच्या गल्लीत एक स्कूटरवाला रोज स्कूटर चालू ठेवून मैत्रिणीशी बोलत उभा राहायचा. बाबांनी बाजूने जाता जाता त्याची चावी फिरवली आणि म्हणाले, "बोल तू. गाडीले कशाले ऐकवतो?"

मोहन नगरच्या बाईंचा पुन्हा फोन आला, की बाळ झोपत नाही. मी माफी मागितली. साहूने त्यांच्याकडच्या कूलरच्या मोटरचं एक बेअरिंग जरा सैल ठेवून ती अडचण सोडवली. बाळ झोपायला लागलं.

आणि व्हॅन द्यायला लागली. कमिटीतल्या रेल्वेवाल्या काकांचा तर विश्वासच बसेना. प्रकाशच्या चेहऱ्यावर रंग आला, पण पुण्याला तो अजून नाही म्हणत नव्हता. बांधलेला पगार ही काही लहानसहान गोष्ट नाही, हे मलाही कळत होतं. हो म्हणायला मन होत नव्हतं आणि नाही म्हणायला धीर.

*

आता शेवटचा.

सीझन संपत आला होता. कुम्हारीच्या एका लग्नाच्या हॉलवाल्याने आपले सगळे कूलर वर्षभर सांभाळायला आमच्याकडे द्यायचं ठरवलं होतं आणि बोलणी करायला मलाही बोलावलं होतं. आम्ही चौघं निघालो. वाटेत हायवेवर गॅसची रांग लागली होती. पंप लांब होता, रांग पार रस्त्याच्या कडेने मागे आलेली.

बाबांनी अर्थातच इंजिन बंद केलं. रांग व्हॅनभर पुढे सरकली. सगळ्यांनी गाड्या चालू केल्या, सरकवल्या, पुन्हा उभ्या केल्या. बाबांनी हँडब्रेक काढला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाले, ढकला.

प्रकाश आणि साहू उतरले आणि ढकलायला लागले. काय करतील? प्रत्येक वेळी रांग सरकली की बाबा हँडब्रेक काढायचे, हे दोघं मागून जोर लावायचे, थांबलो की बाबा हँडब्रेक ओढायचे. मागचा ऑटोवाला आधी हसला, मग त्यानेही ऑटो बंद केली आणि उतरून ढकलायला लागला. त्याच्या मागच्यानेही तेच केलं. थोड्या वेळाने आमच्या मागची बरीचशी रांग बंद गाड्या ढकलत होती आणि सगळे घामाने निथळत होते.

तेवढ्यात समोर ठेवलेला प्रकाशचा फोन वाजला. पुण्याचा वर्गमित्र. आज काय ते सांग, असं त्याने सकाळीच कळवलं होतं. मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण बाबांनी आधीच उचलला होता आणि स्पीकरवर टाकला होता.

"हो, मी त्याचा बाप बोलून राहिलो. प्रकाश गाडीच्या मांगं आहे. ढकलून राहिला."

तिकडून तो फार काळजीने म्हणाला, अरेरे, गाडी बंद पडली का?

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "गाडी लई चांगली आहे. म्हणून तं ढकलून राहिला."

 मग तो म्हणाला, बरं काका, राहू द्या मग. फोन बंद झाला.

मागून प्रकाशने ओरडून विचारलं, कोणाचा होता?

"पुण्याचा," बाबांनी पुढे बघत सांगितलं. "तू कामात आहेस म्हणून सांगतलं."

मी मागे वळून पाहिलं. प्रकाश दोन्ही हात व्हॅनवर ठेवून तसाच उभा होता. साहू त्याच्याकडे बघत होता. ऑटोवाला भोंगा वाजवत होता.

"बाबा," प्रकाश म्हणाला, "हँडब्रेक काढा. लाइन पुढं गेली."